चेटकिणीचे केस

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटपाशी तीन कडुनिंब आहेत. रस्ता रुंद करताना बाकीची झाडं गेली, ही तीन कशी राहिली कुणास ठाऊक. एप्रिल लागला की ती फुलतात. फुलं इतकी बारीक की मान वर करून बघितलं तरी चटकन दिसत नाहीत. पण सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की आधी वास येतो. कंटेनरचं डिझेल, रात्रभरातही न निवलेलं डांबर, टपरीवर उकळणारा चहा, आणि या सगळ्यांवर तरंगणारा तो गोडसर, मागाहून कडू लागणारा वास. पहिल्या शिफ्टच्या बायका खांद्यावर पडलेली फुलं झटकत पंचिंगच्या रांगेत उभ्या राहतात.

यंदा तो वास आला तेव्हा मी रांगेतून बाजूला झाले आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिले. मागची म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, "फार बरं वाटतंय."

एप्रिल म्हटलं की लोकांना परीक्षा आठवतात, आंबे आठवतात, सुट्टीतली मामाची गावं आठवतात. मला चेटकीण आठवते. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. ही गोष्ट मी पूर्वी आवाज खाली करून सांगायचे. आता नाही.

आधी खेळाचं सांगते, कारण तो माहीत नसेल तर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. माहीत असला तरी वाटेल, तो भाग वेगळा. आमच्या टूलरूममधला नीलेश दर रविवारी दुपारी वाकडच्या त्याच्या फ्लॅटवर आम्हा चार-पाच जणांना जमवतो. टेबलावर कागद, पेन्सिली, खारे शेंगदाणे आणि वीस बाजूंचे फासे. नीलेश सूत्रधार. तो एक जग सांगत जातो, डोंगर, घाट, ओसाड पडलेली शहरं, आणि आपण त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं. दार उघडायचं का, राक्षसाशी लढायचं का त्याच्याशी बोलून बघायचं, ते आपण ठरवायचं. जमलं की नाही ते फासा सांगतो. पोरंबाळं असलेली, ईएमआय भरणारी माणसं रविवारची दुपार यात घालवतात. खाली मॉलच्या दारात गाड्यांची रांग लागलेली असते आणि वर आम्ही एका न बांधलेल्या पुलावरून जीव मुठीत धरून चाललेलो असतो.

आठवडाभर मी क्वालिटीत मायक्रोमीटर घेऊन बसते. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पडला तरी पार्ट बाजूला काढायचा, लाल चिकटपट्टी लावायची. तिथं कल्पना चालत नाही. म्हणूनच असेल, रविवारी ती उधळून निघते.

पहिलं वर्षभर मी एक शिपाई खेळले. आज्ञा पाळणारा, ढाल पुढं करणारा. मग तो शिपाई एका दरीत पडून मेला आणि नीलेशनं विचारलं, "आता कोण होणार?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चेटकीण."

टेबलाभोवती हशा झाला. "वैशालीताई, घरच्या रोलमधून बाहेर या की!" एक जण म्हणाला. मी हसले नाही. नीलेशच्या ते लक्षात आलं. त्यानं कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाला, "सांग. कशी आहे?"

तिचं नाव मी काजळी ठेवलं. गावानं हाकललेली, रानाच्या कडेला एकटी राहणारी, मुळ्या-पाल्यांची जाणकार. संकट आलं की तेच गाव तिच्या दारात येतं, आणि दार उघडायचं की नाही हे ती एकटी ठरवते. हे सगळं मी न थांबता सांगितलं. नीलेश लिहितालिहिता थांबला. "तू हे आधीच ठरवून आली होतीस का?" मी म्हटलं, नाही. ते खरंही होतं आणि खोटंही.

हा खेळ खेळणारी माणसं आपापल्या पात्राचं चित्र काढून घेतात. चित्रकाराला सांगायचं, तो कच्चं रेखाटन पाठवतो, मग बदल, मग रंग. त्याला सगळे कमिशन म्हणतात. मी त्याआधीपासूनच जगभरच्या चेटकिणींची चित्रं फोनमध्ये साठवत होते. बसमध्ये खिडकीशी बसून एकेक मोठी करून बघायची. बर्फाच्या रानात कंदील धरून उभी असलेली म्हातारी, जिच्या सुरकुत्यांत कंदिलाचा पिवळा उजेड पाण्यासारखा साचलेला. कढईवर वाकलेली पोरगी. तिथं चित्रकारानं वाफ काढलीच नव्हती, नुसतं मागचं झाड तेवढ्यापुरतं पुसट केलं होतं, आणि वाफ ओली लागत होती. कावळ्याच्या पिसांचा झगा घातलेली एक, तिच्या झग्यातलं प्रत्येक पीस काळं होतं आणि एकही नुसतं काळं नव्हतं. चित्र बघायला मला कुणी शिकवलं नाही. पण वीस वर्षं पार्ट बघितलेत. नजर एका जागी रोवून धरायची सवय आहे, आणि चित्रालाही तेवढंच लागतं.

आवडायची ती चित्रं, आणि चिडही यायची. बर्फात उघड्या पोटानं उभ्या असलेल्या त्या बायका! रानात राहून एकीच्याही टाचेला भेग नाही. नाहीतर मग दुसरं टोक, नाकावर चामखीळ, दात पुढं, पाठीला कुबड. ही चित्रं जिथून येतात त्या देशांतही कधीकाळी बायकांना जाळलं, असं वाचलंय. पण तिथं तो शब्द आता टोपीत, खेळण्यात, चित्रात जाऊन बसलाय. आमच्याकडं तो अजून जिवंत आहे. माझ्या घरात तर तो ओट्याशी मेथी निवडत बसलेला असतो.

माझी आत्या. सिंधू. वडिलांची थोरली बहीण. मी लग्न केलं नाही, तो लेख वेगळा. आई-वडील गेल्यावर पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. गाव नगर जिल्ह्यात, नाव मुद्दामच लिहीत नाही. लग्नानंतर दोन वर्षांत आत्याचा नवरा तापानं गेला. मग शेजारची म्हैस आटली. मग दिराचं तान्हं मूल दगावलं. आदल्या दिवशी आत्यानं त्या मुलाला मांडीवर घेतलं होतं, डोळे भरून बघितलं होतं. तेवढं पुरलं. देवऋषी आणला. तिला अंगणात बसवलं, मिरच्यांची धुरी दिली, कडुनिंबाच्या ओल्या फांद्यांनी झोडपलं. एप्रिलच होता. फांद्यांना मोहर होता. शेवटी चेटकिणीचा जोर कशात आहे तर केसांत, असं ठरलं, आणि विळ्यानं तिचे केस कापले.

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घट्ट ओढून ती चालत रस्त्यापर्यंत आली, एसटीत बसली आणि भावाच्या दारात पिंपरीला उतरली. पुढची सव्वीस वर्षं तिनं भोसरीच्या एका वर्कशॉपात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधले. लाल, निळी, पिवळी, पांढऱ्यावर हिरवी रेघ असलेली. हजारो वायरी तिच्या बोटांतून गेल्या. एकदाही चुकीची जोड दिली नाही, म्हणून तिच्या नावानं लाइनवर टाळ्या वाजल्या होत्या.

यातलं मला आत्यानं काही सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं, तेही मी मोठी झाल्यावर. आत्याचं एवढंच दिसायचं की ती कुणाकडं सरळ बघत नाही. बोलताना तिची नजर समोरच्याच्या कोपरावर असते. बिल्डिंगमधली कुणी बाळाला घेऊन आली की ती उठून आत जाते आणि आतून विचारते, "चहा टाकू का गं?" लहानपणी मला वाटायचं, आत्या लाजाळू आहे.

चित्रकार नीलेशनंच शोधला. त्याची गोष्ट मजेची आहे. पिंपरीत कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. अशा फ्लेक्सवर भाऊ गॉगल लावून उभे असतात आणि मागे सिंह असतो, हे ठरलेलं. या फ्लेक्सवर सिंहाच्या जागी ड्रॅगन होता. पंखांवरची शीर न् शीर काढलेला, नाकपुडीतून नुकताच धूर सुटायला लागलेला. नीलेशनं गाडी थांबवली, फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यातला नंबर वाचला आणि फोन लावला.

बालाजी लातूरकडचा, तिशीचा. भोसरीत त्याचं छपाईचं दुकान. दिवसभर वाढदिवस, श्रद्धांजली, पाण्याच्या टँकरचे नंबर. आणि कॉम्प्युटरच्या एका फोल्डरमध्ये, "जुनी बिलं" असं नाव देऊन लपवलेले, राक्षस, किल्ले, जलपऱ्या. ते फोल्डर त्यानं मला उघडून दाखवलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "ताई, हे कुणी मागत नाही बघा. त्या भाऊंनी पण ड्रॅगन बघून लई शिव्या दिल्या. पण उतरवला नाही, लोकं फोटो काढायले होते म्हणून."

त्याला काजळी सांगितली. आठ दिवसांत त्यानं पहिलं रेखाटन पाठवलं. गोरीपान, कंबर मुठीत मावेल एवढी, ओठ अर्धवट उघडे. मी कळवलं, नको. दुसरं आलं, बाकदार नाक, एक डोळा पांढरा, हातात कवटी. मी दुकानातच गेले.

"बालाजी, ही कोण?"

"चेटकीण." तो गोंधळला. "ताई, रागावू नका. चेटकीण म्हणलं की लोकं दोनच बघतेत. एक तर लई देखणी, नाही तर लई भेसूर. तिसरी कशी असते?"

"कामाला जाते तशी असते."

तो स्क्रीनवर रेघा ओढायचं स्टायलस पेन खाली ठेवून म्हणाला, "चेहरा द्या मला. एक खरा चेहरा द्या. मग काढतो."

इथं मी चुकले. हे लिहिणं सोपं नाही, पण न लिहिता पुढं जाता येत नाही. आत्यानं आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता. आमच्या घरातल्या लग्नांच्या फोटोंत ती कुठंच नाही. एका फोटोत दाराआड तिच्या साडीचा काठ तेवढा दिसतो. तिचा एकच फोटो होता, वर्कशॉपच्या जुन्या गेटपासवरचा, कारण तो सक्तीचा होता. तोही मान खाली, पण कॅमेऱ्यावाल्यानं ऐन वेळी हाक मारली असावी, डोळे तेवढे वर उचललेले. धारदार, दचकलेले, कुणालाही न घाबरणारे. कपाटातल्या डब्यातून तो गेटपास मी काढला, मोबाइलवर फोटो घेतला आणि पाठवून दिला. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

बालाजीनं जे काढलं ते मी बसमध्ये पुन्हा पुन्हा मोठं करून बघितलं. संध्याकाळचं तांबडं आभाळ, तोडलेल्या टेकडीचा कडा, आणि त्यावर ती, काळ्या लुगड्यात, कमरेखाली पोचणारे केस वाऱ्यावर सुटलेले, आणि ते डोळे. मी मोठ्या आकारात छापून घेतलं. चौकट करवून घेतली. आत्या दळण आणायला गेलेली असताना बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला आणि लावलं. मनात होतं, तिला बघू दे. काय बघू दे, ते मात्र मी मनाशी नीट बोलले नव्हते.

आत्या आली. पिशवी ठेवली. तिची नजर सवयीनं खालीच होती, पण भिंतीवर काहीतरी वेगळं आहे एवढं तिला जाणवलं असावं. तिनं बघितलं. 

"ही कोन?"

"माझ्या खेळातली. काजळी."

"काजळी कोन, ते इचारत न्हाई मी." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "तोंड कुनाचं हाय?"

"तुझं."

"मला इचारलं का?"

"नाही."

"त्यांनी बी न्हवतं इचारलं," आत्या म्हणाली, आणि पीठ डब्यात भरायला आत गेली.

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल माझ्यासमोर तिनं उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. तेही माझ्या विरुद्ध. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी चौकट उतरवून भिंतीकडं तोंड करून ठेवली. कामावर असताना एक चुकीचा पार्ट माझ्या हातून पास झाला, पुढच्या टेबलावरच्या मुलीनं पकडला. मी एका बाईची बाजू घ्यायला निघाले होते आणि मीही तिला अंगणात बसवलं होतं, हाच विचार डोक्यात.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आत्या इरकल नेसून तयार. "चल."

"कुठं?"

"ज्यानं ते काढलंय त्याच्याकडं. चुकीचं काढलंय त्यानं."

रिक्षात ती बाहेर बघत होती. भोसरीच्या पुलाखाली सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "केस न्हवते मला. कापले व्हते. तुला ठाव हाय नव्हं?"

"हो. आईनं सांगितलं होतं."

"मग एवढाले केस कशापायी काढले? लाज वाटली का तुमाला?"

मला माझी चेटकीण रुबाबदार हवी होती, आणि रुबाब म्हणजे वाऱ्यावर उडणारे केस, हे मी फोनमधल्या त्या चित्रांकडूनच उचललेलं.

दुकानात बालाजी एका क्लासच्या जाहिरातीवर शंभर टक्के निकाल चिकटवत होता. आत्याला बघितल्याबरोबर तो उभा राहिला. त्यानं चेहरा ओळखला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, गेटपासवरच्या बाईचं आधी काय झालं होतं तेही नाही. त्यानं खुर्ची पुसली, माठातलं पाणी दिलं आणि स्क्रीनवर काजळी उघडली.

आत्या पाणी प्यायली आणि त्याच्या कोपराकडं बघत सांगू लागली. पहिल्यांदाच. विळा कसा बोथट होता. केस एका बाजूला कानाच्या वर आणि दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत कसे राहिले. मागं दोन ठिकाणी कातडी कशी सोलली. ती रडत नव्हती. लाइनवर नव्या मुलीला जुडगा बांधायला शिकवावं तसं, एकेक पायरी सांगत होती. मोहराचा चिकट रस मानेवर वाळला होता आणि त्याच्यावर मुंग्या आल्या, हेही. प्रिंटिंगचं मशीन मध्येच घरघरलं, बालाजीनं हात लांब करून ते बंद केलं.

"आनि हात," आत्या स्क्रीनकडं बोट करून म्हणाली. "ही बोटं कुनाची हायती? कवळ्या भेंडीवानी. माजी बग." तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. टेप ओढूनओढून उजव्या अंगठ्याचं नख आडवं वाढलेलं, बोटांची पेरं जाड, एका बाजूनं गुळगुळीत.

बालाजी ते हात काढू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "आत्या, जरा माझ्याकडं बघता का? डोळे पाहिजेत. फोटोतले बारीक दिसायलेत."

आत्याची नजर हलली नाही. "नगं."

"का?"

"लागंल तुला." चहा गरम आहे, जपून, असं म्हणावं इतक्या साधेपणानं ती हे म्हणाली. "लेकराबाळाचा असशील."

बालाजीला एक वर्षाची मुलगी आहे. स्क्रीनच्या कडेला तिचा फोटो चिकटवलेला होता, आत्याला तो केव्हाच दिसला असणार. मग त्यानं तो फोटो काढला आणि आत्याच्या दोन हातांच्या मध्ये टेबलावर ठेवला.

"लागू द्या," तो म्हणाला. "माझी आई पण असंच सगळ्याला नजर लागती म्हणायची. पोरीला रोज काळं लावायलोत आम्ही. तरी सर्दी व्हायची ती होतीच. बघा तुम्ही. पोरीकडं पण बघा, माझ्याकडं पण बघा. मला चित्र नीट काढायचंय."

आत्यानं आधी फोटोकडं बघितलं. मग मान वर केली. मी तिच्या बाजूला बसले होते, त्यामुळे ती नजर मला दिसली नाही. मला बालाजीचा चेहरा दिसत होता. त्याचा हात स्क्रीनवर चालत होता आणि तो डोळ्यांची उघडझाप करायचं विसरला होता.

ते चित्र आज आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. त्यातली बाई साठीपुढची आहे. वेडेवाकडे कापलेले केस, एका बाजूला कान उघडा, पांढऱ्या खुंटांवर तांबडा उजेड. पदर डोक्यावर नाही, कमरेला खोचलेला. टाचांना भेगा. हातांत रंगीत तारांचा एक जुडगा, तो ती विणते आहे, आणि विणलेल्या टोकाकडून तारा हळूहळू पेटत चालल्या आहेत, जाळानं नव्हे, कंपनीच्या बोर्डावर दिवे लागावेत तशा. मागं रान नाही. मागं चाकणची कापलेली टेकडी आहे, विजेचे मनोरे आहेत. ती तुमच्याकडं सरळ बघते. खोलीत कुठंही उभं राहा.

मी पुष्कळ चेटकिणी बघितल्या आहेत, अजूनही बघते, फोन भरला की जुन्या काढते. रेषेत, रंगात बालाजीपेक्षा सरस कितीतरी आहेत. तरीही सांगते, यातल्या हातांसारखे हात मी कुठल्याच चित्रात बघितले नाहीत.

एप्रिल संपतासंपता सुनीलदादा आला, माझा थोरला भाऊ. चिखलीला राहतो. त्याच्या मुलीचं, प्राजूचं, लग्न जमत आलं होतं. मुलाकडचे लोक सगळ्या नातेवाइकांकडं एकेकदा जाऊन येणार होते. दादा दारातच थांबला.

"हे काय लावलंय?"

"चित्र आहे."

"कुणाचं आहे ते दिसतंय मला." त्यानं चपला काढल्या नाहीत. "वैशू, मुलाचं आजोळ आपल्याच गावाजवळचं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात असतं सगळं. आपण चाळीस वर्षं हे झाकून ठेवलंय. आणि तू चौकट करून टांगतेस? घरात चेटकीण टांगतात का कुणी?"

"झाकायला आपण काय केलं होतं, दादा? मारलं त्यांनी. झाकायचं त्यांनी."

"तुला बोलायला काय जातं? मुलगी माझी आहे." तो वाईट माणूस नाही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो खरोखर घाबरला होता. "पंधरा दिवस काढून ठेव. आत्या, तू सांग तिला. तुला तरी बरं वाटतं का हे?"

आत्या ओट्यापाशी उभी होती. हात पुसत बाहेर आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"सुनील, तुज्या पोरीचं चांगलं व्हावं म्हनून मी आजपातुर तिला मांडीवर घेतली न्हाई," ती म्हणाली. "बारशाला बी भाईरच बसले. तू मला एकदा तरी म्हनलास का, आत्या, आत ये?"

दादानं रुमाल काढून कपाळ पुसलं.

"चित्र ऱ्हाईल. त्यांना हितं आनायचं नसंल तर नगं आनूस."

त्यानं नाही आणलं. साखरपुडा झाला, त्याचे फोटो आम्हाला फोनवर आले. लग्नाला आम्ही दोघी गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो. मुलाच्या आजोळची एक म्हातारी आत्याकडं सारखी वळून बघत होती. आत्यानं तिच्याकडं बघितलं. म्हातारीनं मान फिरवली. प्राजूचा संसार उत्तम चाललाय. दादा आता दिवाळीला येतो, पण जिन्यातूनच हाक मारतो आणि खाली चहाच्या टपरीवर भेटतो. याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणणं खोटं होईल. पण दर दिवाळीला मी खाली जाऊन चहा पिते आणि वर येते, आणि चित्र भिंतीवर असतं.

त्याच उन्हाळ्यात, मे लागल्यावर, वाकडला नीलेशच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली आणि अठरा मजले चढायची कुणाचीच तयारी नव्हती. रविवारचा खेळ आमच्याकडं ठरला. आत्यानं कैरीचं पन्हं केलं, भडंग केलं. सगळे आले, चित्रासमोर जरा वेळ उभे राहिले, कुणीही काही विनोद केला नाही. मग टेबल ओढलं, फासे बाहेर आले. माझ्या काजळीला त्या दिवशी एक गाव वाचवायचं होतं आणि मी ते वाचवावं की नाही यावर अर्धा तास वाद चालला. आत्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. एकदा तिच्या तोंडून गेलं, "येवड्यात दार उघडू नगं. बसू दे त्यांना भाईर."

सगळे वळले. नीलेश म्हणाला, "आत्या, खेळता का?"

"मला त्या फाशातलं कळत न्हाई, बाबा."

"फासा नुसता टाकायचा. बाकी तुम्ही बोलायचं."

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग खुर्ची ओढली आणि बसली. नीलेशनं कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं. "तुम्ही कोण होणार?"

"चेटकीण."

टेबलाशी कुणी हसलं नाही. नीलेशनं खाली बघून तेवढं लिहिलं.

"नाव काय ठेवायचं?"

"नावं समद्यांनी ठिवून झाली," आत्या म्हणाली. "आता माजं मी सांगते. सिंधू लिव्ह. पुढं काय बी लावू नगं."